मैत्रिणीचा बोका महिनाभर आमच्याकडे राहायला येतोय, काय काय तयारी करू?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. माझी शाळेपासूनची मैत्रीण दर वर्षी गणपतीला सावंतवाडीजवळ गावी जाते. एरवी आठवड्याभरात परत येते आणि तिचा बोका बंड्या तेवढे दिवस शेजारच्या काकूंच्या भरवशावर तिच्याच घरी राहतो. या वर्षी गणपतीनंतर लगेच तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणजे मुक्काम महिनाभर तरी लांबणार. काकूही मुलीकडे बंगळुरूला गेल्यात. तिने विचारलं आणि मी हो म्हटलं. शब्द दिलाय, तो नीट निभावायचाय, म्हणून इथे विचारते आहे.

बंड्या चार वर्षांचा, देशी, पांढरा-पिवळा. नसबंदी झालेली. पिल्लू असताना तिला पार्किंगमध्ये सापडला, तेव्हापासून घराबाहेर गेलेला नाही. आम्ही सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं घर. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. माझ्या माहेरी-सासरी कधीच मांजर नव्हतं. घर पूर्ण शाकाहारी आहे. सासूबाईंनी बंड्याला नाही म्हटलेलं नाही, पण स्वयंपाकघरात मासे-मटण शिजणार नाही एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलंय आणि मला ते मान्य आहे. शिवाय आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती असतो, माणसांची ये-जा बरीच.

तर त्याला ठेवायचं कुठे, खायला काय द्यायचं, खिडक्यांचं काय करायचं, आणि मला सुचलंही नसेल असं काय आहे, ते सांगा.

माऊशी_गट्टी

आधी एक विचारते, राग मानू नका. बंड्याला त्याच्याच घरी ठेवून तुम्ही सकाळ-संध्याकाळ जाऊन येणं शक्य नाही का? कुत्रा माणसाबरोबर कुठेही रमतो. मांजराचं तसं नसतं. त्याला आपली जागा हवी असते, तिथले वास, तिथले कोपरे. चार-सहा दिवसांचा प्रश्न असेल तर मी नेहमी हेच सुचवते.

डोंबिवलीकरीण

मैत्रीण कल्याणला खडकपाड्याकडे राहते आणि माझं ऑफिस ठाण्याला. दिवसातून एकदा कसंबसं जमेल, दोनदा नाही. आणि महिनाभर त्याला रात्रंदिवस एकटं ठेवायला आम्हा दोघींनाही नको वाटतं.

माऊशी_गट्टी

मग आणा घरी, महिन्यासाठी तेच बरं.

सगळं घर त्याला पहिल्या दिवशी मोकळं करून देऊ नका. एक खोली द्या, शक्यतो जिथे वर्दळ कमी आहे ती. तिथेच त्याचा ट्रे, तिथेच पाणी, तिथेच खाणं, पण खाणं आणि ट्रे समोरासमोरच्या भिंतींना. आपल्यासारखंच त्यालाही शी-शूच्या शेजारी जेवायला आवडत नाही. ज्या कॅरियरमधून तो येईल तो धुऊन माळ्यावर टाकू नका. दार उघडं ठेवून खोलीतच असू द्या, आत त्याची चादर. त्या खोलीत तेवढी एकच वस्तू त्याच्या ओळखीची असते.

मैत्रिणीकडून तिचा वापरलेला, न धुतलेला गाऊन किंवा टी-शर्ट मागून घ्या. त्याचा नेहमीचा ट्रे आणि नेहमीचंच लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालतात ती वाळू, आणा. नवा ट्रे, वेगळं लिटर असले प्रयोग या महिन्यात नकोत. जुन्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर नव्यात मिसळलं की जागा कुठली ते त्याला वासानेच कळतं.

पहिले दोन-तीन दिवस तो पलंगाखाली किंवा कपाटामागे बसून राहील. मुलाला आत्ताच सांगून ठेवा, ओढून बाहेर काढायचं नाही, टॉर्च मारून बघायचं नाही. खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं आणि अभ्यासाचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. आवाजाची सवय होते. त्याने बघितलं तर टक लावून बघायचं नाही, डोळे सावकाश मिटून उघडायचे. मांजरांत टक लावणं म्हणजे दमदाटी.

सातारचा पशुवैद्य

वरचा प्रतिसाद उत्तम. मी दोन गोष्टी जोडतो. बाकी काही विसरलात तरी या विसरू नका.

पहिली, त्याने खाल्लं का. मांजराला 'राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल' हा नियम लावता येत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. जाड मांजरांत हे लवकर होतं. पहिल्या रात्री खाल्लं नाही तर घाबरू नका. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दुसरा दिवस उलटू देऊ नका.

दुसरी, त्याने शू केली का. बंड्या बोका आहे म्हणून मुद्दाम सांगतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ताण आला, पाणी कमी प्यायला, की तिथे खडे किंवा चिकट चोथा अडकतो आणि लघवी पूर्ण बंद होते. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्यांत हे जास्त दिसतं. सारखं ट्रेमध्ये जाऊन बसणं, कुंथणं, ओरडणं, खालची जागा सारखी चाटणं ही लक्षणं. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालं आणि ते एरंडेल पाजतात. लघवी अडकली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी न्यायचं. मुंबईच्या बाजूला परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही डोंबिवलीत. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला, हे तो येण्याआधी शोधून नंबर फ्रिजवर लावा.

म्हणून ट्रे रोज एकाच माणसाने साफ करावा. लघवीने लिटरचे गोळे होतात, ते किती, केवढे, हे त्याच्या लक्षात राहतं.

पारवा

खिडक्यांबद्दल मी लिहितो, कारण आमच्या इमारतीत हे घडलेलं आहे.

मांजर उंचावरून पडलं तरी पायावर पडतं, त्याला काही होत नाही, असं लोक सहज म्हणतात. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यातली ९० टक्के जगली. सगळे हाच आकडा सांगतात. पण त्यात दवाखान्यापर्यंत आणलेलीच मांजरं मोजली होती, जागीच गेलेली कोण घेऊन येणार? जी जगली त्यांतल्या अनेकांच्या छातीला मार, जबडा फुटलेला, पाय मोडलेले.

लोखंडी ग्रिल म्हणजे सुरक्षित असं समजू नका. डोकं गेलं की मांजराचं सगळं अंग जातं. डासांची जाळी तो नखाने अर्ध्या दुपारी फाडेल. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण चारही बाजूंनी ताणून हुकांना बांधलेली हवी, आणि खालची कड कट्ट्याला घट्ट. सरकत्या खिडक्यांना मधे थांबणारा खटका लावून घ्या, दोन-तीन बोटांएवढी फट पुरे. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि डक्टकडे उघडणारी झडप लोक हमखास विसरतात. आमच्याकडचं मांजर डक्टमध्येच पडलं होतं.

निळाई

एवढं सगळं वाचून धाग्याच्या मालकीणबाई घाबरतील हो. आमच्या गावी मांजरं दूध-भातावर, ताक-भाकरीवर दहा-बारा वर्षं जगली. घर शाकाहारी असेल तर महिनाभर तेच चालेल की. कुणाच्या घरचा नियम कशाला मोडायचा?

सातारचा पशुवैद्य

निळाईताई, गावाकडची मांजरं दूध-भात ओसरीवर खात आणि उरलेलं जेवण गोठ्यात, कोठारात करत. उंदीर, पाली, चिमण्या, टोळ. तो हिशोब आपल्याला दिसत नव्हता. बंड्या सातव्या मजल्यावर बंद दाराआड आहे, त्याला मिळेल ते आपण दिलेलंच.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, वनस्पतींत ते जवळजवळ नसतं आणि त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू दोन्ही खराब होतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की मांजरांतला एक प्रकारचा हृदयविकार टॉरिन कमी पडल्याने होतो, आणि ते दिल्यावर बरीच मांजरं सुधारली. त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात ते वाढवण्यात आलं. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, जुलाब होतात.

घरचा नियम मोडायची मात्र अजिबात गरज नाही. पाकिटातलं सुकं खाणं आणि ओले पाऊच यांत सगळं असतं, शिजवावं काहीच लागत नाही. तो आत्ता जो ब्रँड, जी चव खातो तीच आणा. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. सुक्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, पाऊचमध्ये पाऊणाहून जास्त. बोक्याला रोज एखादा तरी पाऊच मिळाला तर मूत्रमार्गासाठी चांगलं.

निळाई

हे मला माहीत नव्हतं, समजावून सांगितल्याबद्दल आभार. एक विचारते, पाऊचला वास येतोच ना? सासूबाईंचं काय?

माऊशी_गट्टी

येतो. त्याची ताटली, चमचा, घासणी सगळं वेगळं ठेवा आणि बेसिनऐवजी बाथरूममध्ये धुवा. उरलेला पाऊच फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, तर घट्ट झाकणाचा वेगळा डबा करा. तेही चालणार नसेल तर लहान पाऊच आणा, एका वेळी एक संपवा. माझ्या आजीच्या घरी सोवळं कडक होतं. मांजराचं सगळं मागच्या गॅलरीत असायचं आणि कुणाचीच कुणाबद्दल तक्रार नव्हती. सासूबाईंनी आधीच मोकळेपणाने सांगितलंय हे फार चांगलं झालं. मनात ठेवून होकार दिला असता तर त्याचा त्रास बंड्याला झाला असता.

गिरगावकर

घरात काय काय उचलून ठेवायचं यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तुमच्याकडे गणपती आहे आणि सासूबाई आहेत, म्हणजे वाती आल्या. कापसाच्या वाती, सुताची गुंडी, हारातले दोरे, गजऱ्याचे दोरे, राहिलेल्या राख्या. मांजराची जीभ खरखरीत आणि मागे वळलेल्या काट्यांची असते. दोरा एकदा तोंडात गेला की त्याला तो थुंकता येत नाही, गिळतच जातो. तो आतड्यात अडकला की आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून बाहेर लोंबताना दिसलं तर कधीही ओढू नका. तसंच ठेवून दवाखाना गाठा. शिवणाचा डबा, सुया, लोकर, सगळं झाकणाखाली.

फुलांत लिली. पुष्पगुच्छात मोठ्या पाकळ्यांची, तपकिरी परागांची लिलियम असते ती, आणि कुंडीतली डे लिली. तिचं पान, फूल, अंगावर पडलेला आणि नंतर चाटलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. गणपतीला कुणी गुच्छ आणला तर तिथल्या तिथे बघा आणि लिली असेल तर घराबाहेर. मखराच्या सजावटीतही बघा. मनीप्लांट आणि डिफेनबेकिया चावले तर तोंडाची आग होते. कण्हेर तर विषच.

डांबरगोळ्या, कापूर आणि फिनाईल यांपासून लांब. मांजर फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं, त्यामुळे त्याच्या खोलीची फरशी नुसत्या पाण्याने किंवा साध्या साबणाने पुसा.

सातारचा पशुवैद्य

गिरगावकरांनी फार महत्त्वाचं लिहिलं. औषधांची भर घालतो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. माणसाचं यकृत ते औषध ज्या वाटेने निकामी करतं ती वाट मांजरात फार कमकुवत असते. अंग गरम लागलं म्हणून लहान मुलांचं सिरप देणारे पालक मी पाहिले आहेत, अगदी प्रेमाने दिलेलं. तसंच कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला लावायचं नाही. कांदा-लसूण, चॉकलेट, मनुका नको. नैवेद्याच्या पंचखाद्यात मनुका असतात, ताट जमिनीवर राहू देऊ नका.

सोनचाफा

थोडा वेगळा प्रश्न. मला पाचवा महिना आहे. बहीण तिची मांजर पंधरा दिवस आमच्याकडे ठेवायचं म्हणतेय. सासरी सगळे म्हणतात, गरोदर बाईच्या घरात मांजर नको, बाळाला धोका असतो. खरं आहे का?

सातारचा पशुवैद्य

काळजी टोक्सोप्लाझ्माची आहे आणि ती खोटी नाही. पण नेमकी कुठे आहे ते समजून घ्या. मांजराला हा जंतू पहिल्यांदा लागतो तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती लगेच संसर्ग करत नाहीत, पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका खूप उतरतो. घराबाहेर न जाणारी, उंदीर न मारणारी, कच्चं मांस न खाणारी मांजर असेल तर तिला तो लागलेला असण्याची शक्यताच कमी. माणसाला हा संसर्ग कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीला लागलेल्या मातीतूनही होतो.

तुमच्यासाठी नियम एकच, ट्रेला हात तुम्ही लावायचा नाही, घरातल्या दुसऱ्याने रोज साफ करायचा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मात्र आधी बोला, तपासणी करायची का ते त्या ठरवतील. आणि घरच्यांचं मन तयार नसेल तर बहिणीला दुसरी सोय बघायला सांगण्यातही काही वावगं नाही.

दोन_माऊंची_आई

माझाही प्रश्न जोडते. माझ्या दोन मांजरी आहेत आणि ऑफिसमधली एक जण तिचा बोका दहा दिवस ठेव म्हणतेय. ओळख कशी करून द्यायची?

माऊशी_गट्टी

दहा दिवसांसाठी करूनच देऊ नका. नीट ओळख व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि जमायला लागेल तेव्हा पाहुण्याची जायची वेळ आलेली असेल. पूर्ण वेळ वेगळी खोली, बंद दार, वेगळी भांडी, वेगळे ट्रे. दाराखालच्या फटीतून एकमेकांवर फिस्कारतील, तिथे टॉवेल सरकवा. त्याआधी तिन्हींची लसीची पुस्तकं बघा. रेबीजची आणि तीन रोगांची एकत्र असते ती, दोन्ही चालू वर्षाची हवीत. त्या तीन रोगांपैकी पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरूनही जातो. एखाद्याची लस राहिली असेल तर नाही म्हणा. मैत्रीपोटी इथे सवलत देऊ नका, बोलणी खावी लागली तरी.

पारवा

डोंबिवलीकरीण, सोसायटीत कळवलंय का? आमच्याकडे सेक्रेटरींनी 'पाहुणा प्राणी चालणार नाही' म्हणून सांगितलं होतं. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. ते कागद दाखवल्यावर विषय संपला. पण आधी गोड बोलून बघा. शेजाऱ्यांशी संबंध महिन्यानंतरही राहणार आहेत.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता कामाला लागले. जाळीवाला येऊन दोन्ही बेडरूम आणि बाथरूमची खिडकी करून गेला. सासूबाईंनी वाती करायचं सामान स्वतःहून स्टीलच्या डब्यात भरलं. सोसायटीत कुणाची हरकत नाही.

मैत्रिणीशी पैशांचं आणि दवाखान्याचं कसं बोलायचं, तेवढं सांगा. तिला अवघडल्यासारखं होऊ नये.

अनामिका_पुणे

न बोलण्याने जास्त अवघड होतं. माझी एक जवळची मैत्री अशा एका बिलावरून कायमची गढूळ झाली, म्हणून सांगते. तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. 'माझ्या अनुपस्थितीत अमुक व्यक्तीने बंड्याच्या उपचारांचा निर्णय घ्यावा, अमुक रकमेपर्यंत मला न विचारता खर्च करावा, त्यापुढे फोन करावा, फोन लागला नाही तर डॉक्टर सांगतील ते करावं.' खाली सही. भूल द्यायची वेळ आली की डॉक्टर संमती मागतात आणि तेव्हा कोकणात नेटवर्क असेलच असं नाही. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, जुने रिपोर्ट, वजन, कुठल्या औषधाने त्रास झाला होता का, सगळं त्या कागदामागे. खाण्याचे आणि लिटरचे पैसे तिने आधीच देणं सगळ्यात सरळ. आपण 'राहू दे गं' म्हणतो, तिला मात्र पुढच्या वेळी विचारायचा संकोच वाटतो.

डोंबिवलीकरीण

बंड्या आला. मैत्रीण स्वतः सोडून गेली आणि कागदही देऊन गेली. तिचा आवाज जिन्यात होता तोवर तो कॅरियरमध्ये कान टवकारून बसला होता, मग जो पलंगाखाली गेला तो रात्रीपर्यंत दिसलाच नाही. पाऊच तसाच. सकाळी ताटली चाटून-पुसून साफ आणि ट्रेमध्ये दोन गोळे. एवढा आनंद मला मुलाच्या निकालाच्या दिवशी झाला होता.

मुलगा रोज त्याच्या खोलीत बसून इतिहास मोठ्याने वाचतो. आता बंड्या पलंगाच्या कडेपर्यंत येऊन ऐकतो.

गणपतीत दार सतत उघडं असेल, त्याची काळजी वाटते.

गिरगावकर

त्या दीड दिवसांत त्याची खोली कुलूप लावून बंद. नुसतं 'उघडू नका' लिहिलेलं पुरत नाही, पाहुण्यांची मुलं मांजर बघायला दार उघडतातच. किल्ली तुमच्या कमरेला. आत ट्रे, पाणी, खाणं, पंखा, आणि एक पुठ्ठ्याचं खोकं उलटं ठेवा, त्याला आडवं दार कापून. ढोलताशाच्या आवाजात त्याला आत शिरायला काहीतरी हवं. शक्य असेल तर रस्त्याच्या बाजूची खोली नको.

आणि देव न करो, पण तो निसटलाच तर स्टेशनपर्यंत शोधत जाऊ नका. घरात वाढलेलं मांजर घाबरलं की जवळच दडतं. आधी तुमचाच जिना, वरचे मजलेसुद्धा, मीटरची खोली, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये. रात्री बारानंतर, सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन फिरा, डोळे चमकतात. मैत्रिणीला फोन लावून तिचा आवाज स्पीकरवर ऐकवा.

डोंबिवलीकरीण

गणपती सुखरूप पार पडले. बंड्या खोक्यात झोपून होता. पण आज सकाळपासून तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय. उकरतो, बसतो, उठतो. थेंब-थेंब पडल्यासारखं वाटतंय, एका ठिकाणी गुलाबी डाग दिसला. खाल्लंय थोडं. संध्याकाळपर्यंत वाट बघू का?

सातारचा पशुवैद्य

नको. आत्ता न्या. पोट दाबून बघू नका. मैत्रिणीचा कागद बरोबर घ्या आणि आज सकाळपासून नक्की किती लघवी झाली ते आठवून ठेवा.

डोंबिवलीकरीण

आत्ताच परत आलो. मूत्राशय जवळजवळ रिकामं होतं, लघवी अडकलेली नाही. सोनोग्राफीत खडे दिसले नाहीत. मूत्राशयाला सूज आहे, डॉक्टर म्हणाले ताणामुळे बोक्यांना होते ती. वेदनाशामक दिलंय, पाणी वाढवायला सांगितलंय आणि लघवी पूर्ण थांबली तर त्याच क्षणी परत आणा म्हणाले. मैत्रिणीचा फोन लागत नव्हता, कागद दाखवला आणि काम झालं. अनामिका, तुझे किती आभार मानू.

सातारचा पशुवैद्य

बरं झालं. ही सूज बहुतेक वेळा आठवड्याभरात उतरते. पाऊचमध्ये आणखी दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. पाण्याचे पसरट वाडगे दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासून लांब. दुसरा ट्रे ठेवता आला तर ठेवा, एका मांजराला दोन ट्रे असावेत असंच आम्ही सांगतो. खाण्याच्या आणि खेळण्याच्या वेळा रोज त्याच. त्याला आता पूर्वीसारखं वाटायला हवं, तेही औषधच आहे.

सोनचाफा

ताई, मुलाला बोचकारलं वगैरे नाही ना? बोचकारलं तर काय करायचं, तेही कुणी सांगा.

सातारचा पशुवैद्य

चावा किंवा ओरखडा, दोन्हीला तेच. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. मांजर लसीकरण झालेलं असलं तरी निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मांजराचे दात सुईसारखे असतात, बाहेरून टिकली एवढी जखम दिसते आणि आत खोल जंतू गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी हात सुजला तर तो चाव्याचा जंतुसंसर्ग, त्याला वेगळं औषध लागतं.

डोंबिवलीकरीण

बंड्या आता बरा आहे. ट्रेमध्ये पुन्हा मोठे गोळे. मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशनही व्यवस्थित झालं, ती रविवारी येऊन त्याला घेऊन जाईल. सासूबाईंचा स्वयंपाकघराचा नियम शेवटपर्यंत पाळला गेला. दुपारी त्या हॉलमध्ये पोथी वाचतात तेव्हा तो दाराशी येऊन बसतो, त्या त्याला आत बोलावत नाहीत आणि हाकलतही नाहीत.

घरी परत गेल्यावर मैत्रिणीने काही काळजी घ्यायची का?

माऊशी_गट्टी

तिला सांगा, तो रुसल्यासारखा वागेल, एक-दोन दिवस लपेल, कदाचित रात्री ओरडेल. मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. घर महिनाभर बंद होतं, तिथला त्याचा वास उतरलाय आणि त्याच्या अंगाला तुमच्या घराचा वास आहे. त्याची चादर न धुता परत पाठवा. तिकडेही पहिले एक-दोन दिवस एकच खोली द्यावी, आणि बॅगा उपसणं, घर धुणं-पुसणं तो स्थिरावल्यावर करावं.

सातारचा पशुवैद्य

आणि सूज येऊन गेली आहे, जागा बदलली की ती पुन्हा येऊ शकते. परत गेल्यावर निदान दोन आठवडे तिने ट्रेकडे रोज लक्ष ठेवावं, पाऊच चालू ठेवावा. दवाखान्याचा कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्या हातात द्या, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो लागेल.